सुईच्या जागेवर बिब्बा

गुडघा हाताला गरम लागला की माझा हात तिथंच थांबतो. पेशंटचा पाय पलंगावर नीट ठेवताना माझा हात गुडघ्यावरून जातो. तो थंड असला की मी पुढच्या कामाला लागते. गरम असला की सिस्टरला हाक मारायच्या आधी मीच घाबरून जाते.

अमरावतीला एका हाडांच्या दवाखान्यात मी आया आहे. मावशी म्हणतात मला. माझं माहेर हिवरखेडचं, शाळा चौथीपर्यंत. आमच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत दिवाळी अंक पडलेले असतात. दुपारी गर्दी ओसरली की मी ते वाचते. त्यात लोक आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. पोस्टमन लिहितात, मास्तर लिहितात, एकदा एका एसटी ड्रायव्हरचंही वाचलं. आयाचं लिहिलेलं काही दिसलं नाही. म्हणून मी आपलं लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं धाडस माझ्यात नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली तरी माझे तळहात ओले होतात.

आमच्याकडे एक इंजेक्शन देतात. डॉक्टर त्याला पीआरपी म्हणतात, पेशंट म्हणतात रक्ताचं इंजेक्शन. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते. ती झिजली किंवा फाटली की पाय दुखतो, अडकतो, सुजतो. डॉक्टर तिला कूर्चा म्हणतात. पेशंटला हा शब्द कळत नाही. म्हणून ते सांगतात, "कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला पांढरं चकचकीत असतं ना, तेच." एकदा समोर माळकरी शेटजी बसले होते. ते कानांवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, दुसरं काही सांगा." डॉक्टरांनी पुष्कळ विचार केला, त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

तर पेशंटच्या हातातून रक्त काढतात, नळीत भरतात आणि एका मशीनमध्ये गरगर फिरवतात. लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळं पाणी येतं. रक्त थांबवणारे आणि जखम भरून आणणारे जे बारीक कण असतात, ते त्या पाण्यात घट्ट करून घेतात. मग ते सुईत भरून त्याच माणसाच्या गुडघ्यात सोडतात. आपलंच रक्त, आपलाच गुडघा.

त्या मशीनची मला फार भीती वाटायची. नळीच्या समोरच्या घरात तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवावी लागते. वजन सारखं नसलं तर मशीन टेबलावर थरथरत सरकायला लागतं. एकदा ते असं सरकत माझ्याकडे आलं होतं. सिस्टरने धावत येऊन बटण बंद केलं. तेव्हापासून मी ते पुसायच्या आधी भिंतीतली पिन काढून बाजूला ठेवते आणि तरीही लांबूनच पुसते.

पेशंटही नाना तऱ्हेचे. एक धिप्पाड हॉटेलवाला "मले सुईचं काई नाई" म्हणत आला, नळीतलं आपलंच रक्त पाहिलं आणि माझ्या अंगावर कोसळला. दोघांनी मिळून त्याला उचललं, मग मला. एका बुढीनं डॉक्टरांना विचारलं, "मायंच रक्त काहाडता अन् मलेच घालता, तं काहाडता काहून?" एक रिटायर मास्तर हातावर कापूस दाबून नळीच्या मागे मागे मशीनपर्यंत गेले. आपलं रक्त दुसऱ्याच्या नळीत जाईल म्हणून ते मशीनसमोर स्टुलावर बसून राहिले. आम्ही हसलो. पण नळीवर नाव चिकटवलेलं असतानाही डॉक्टर सुई टोचायच्या आधी पेशंटलाच मोठ्यानं नाव विचारतात. म्हणजे भीती त्यांनाही असणारच.

माझं काम रक्त काढण्याचं नाही, सुई देण्याचंही नाही. खोली पुसायची, पाय धुऊन द्यायचा, पेशंटला पलंगावर चढवायचं आणि सुई आत जाताना त्याचा हात धरायचा. माणूस घाबरला की किती जोरानं हात दाबतो, ते मला माहीत आहे. मीही तितकीच घाबरलेली असते, हे त्यांना माहीत नसतं.

डॉक्टर कुणाला खोटी आशा लावत नाहीत. "काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही," असं ते तोंडावर सांगतात. लोक त्यातलं पहिलंच वाक्य ऐकतात.

प्रणितानंही तेच केलं. तिवसा तालुक्यातली पोरगी. उंच, काटक, सावळी. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे नागपूर रोडवर धावायची. धावता धावता डांबराच्या कडेवरून पाय खाली गेला, गुडघा मुरगळला आणि आतल्या गादीचा तुकडा खरवडला गेला. तिच्या घरी शेवंती आणि झेंडूचं शेत. आई-बाप सकाळी फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायचे, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत आजी यायची. बापाची आई. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. आई-बाप शेतात आणि बाजारात, त्यामुळे पोरीला वाढवलं होतं या आजीनंच.

"सर, ग्राउंडपर्यंत बरं होईल का?" प्रणितानं विचारलं. ग्राउंड म्हणजे भरतीची धावायची परीक्षा.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आराम लागेल, व्यायाम लागेल. हे इंजेक्शन देऊन पाहू. पण घाई केलीस तर पाय कायमचा जाईल."

"द्या सर."

आजी म्हणाली, "पोट्टीले दुखन का लय?"

"दुखेल आजी. पहिले दोन-तीन दिवस आधीपेक्षा जास्त दुखेल. त्याला घाबरायचं नाही. दुखण्याची गोळी द्यायची नाही, मलम नाही, बाम नाही, चोळायचं नाही. ताप आला किंवा गुडघा लाल झाला तर मात्र लगेच घेऊन यायचं."

सुई जाताना प्रणितानं माझा हात धरला. तोंडातून आवाज काढला नाही. आजी भिंतीकडे तोंड करून उभी होती. जाताना मी सगळं परत आमच्या बोलीत सांगितलं. आजी म्हणाली, "हो वं बाई, समजलं. मी का बहिरी हाव?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्या पुसत होते. एक ऑटो दारात येऊन थांबला. एका बाजूनं ऑटोवाला, एका बाजूनं आजी आणि मध्ये प्रणिता. पाय जमिनीला टेकत नव्हता. तिचा दंड धरला तर अंग तापानं भाजत होतं. पलंगावर घेतलं, वरचं फडकं सोडलं आणि मी मागे सरले.

गुडघा दुप्पट झाला होता. हळदीनं माखलेला. हळदीखाली फोड, काही फुटलेले, त्यातून पाणी झिरपत होतं. कातडी मांडीपर्यंत लाल झाली होती. हात लावायची गरजच नव्हती, वाफ वरूनच लागत होती.

डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि गप्प झाले. आमचे डॉक्टर ओरडतात तेव्हा मी घाबरत नाही. गप्प झाले की घाबरते.

"काय लावलं यावर?"

"हयद लावली साहेब. बाकी काई नाई," आजी म्हणाली.

"बिब्बा लावला का?"

"नाई ना बाप्पा! बिब्बा कायले लावीन?"

"प्रणिता, तू सांग."

प्रणितानं आजीकडे पाहिलं. "नाही सर."

बिब्बा आमच्याकडे घरोघरी असतो. काळं, कडक फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. दुखऱ्या जागेवर त्याचे ठिपके देतात. कातडी भाजते, फोड येतात आणि लोक म्हणतात दुखणं बाहेर पडलं. डॉक्टर इकडचेच, त्यांना ते पहिल्या नजरेत सुचलं होतं. पण दोघींनी नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार?

ते सिस्टरशी हळू बोलत होते. मी बादली उचलायच्या निमित्तानं तिथेच होते. ही आग वरच्या कातडीची असेल तर एक उपाय. गुडघ्याच्या आत पू झाला असेल तर मात्र एक दिवसही घालवता येणार नाही, ऑपरेशन करून गुडघा आतून धुवावा लागेल, नाहीतर पू गादी खाऊन टाकेल. आतलं कळायला सुई घालून पाणी काढून पाहावं लागेल. आणि वरच्या कातडीत घाण असेल तर तीच सुई ती घाण आत नेईल.

"थिएटर तयार ठेवा," ते शेवटी म्हणाले.

मला अकोल्याकडून आलेला एक हमाल आठवला. दुसरीकडे कुठेतरी उपचार झाले होते, आत पू झाला होता आणि आमच्याकडे येईपर्यंत फार उशीर झाला. त्याचा जीव वाचला. गुडघा मात्र पुन्हा वाकला नाही. तो संडासला कसा बसतो, बसमध्ये कसा चढतो, हे त्याची बायको मला रडत सांगायची. प्रणिताचा धावायचा पाय त्या हमालाच्या पायासारखा होईल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

आजीला पाणी द्यायला मी व्हरांड्यात नेलं. अर्धं पाणी तिनं लुगड्यावरच सांडलं. तिनं एकदम माझं मनगट धरलं.

"कापतीन का वं तिचा पाय?"

"पाय नाही कापत आजी. आतून धुतात."

"म्हंजे कापतीनच ना! अन् मंग भरतीत घेतीन का तिले?"

मी तिच्या हातातलं पाण्याचं भांडं काढून खाली ठेवलं.

"म्या लावला," आजी म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. "बिब्बा लावला म्या. रातभर तयमयत होती पोट्टी. म्हने आजी, कायबी कर. तुया साहेबानं मलम नोको म्हनलं, बाम नोको म्हनलं. बिब्बा का मलम व्हय? म्या जिंदगीभर लावला, हे पाय." तिनं लुगडं वर केलं. दोन्ही गुडघ्यांवर काळ्या ठिपक्यांच्या जुन्या रांगा होत्या. "मले काई झालं का?"

"आजी, नेमका कुठं लावला? सुई टोचली तिथं नाही ना?"

ती माझ्याकडे येड्यासारखी पाहत राहिली. "तिथंच तं लावला. तिथंच दुखून राहिलं होतं ना तिले."

मला वाटलं होतं, बिब्बा निघाला म्हणजे भीती कमी होईल. ती वाढली. सुईचं भोक, त्यावर कढत तेल, त्यावर फुटलेला फोड, त्यावर घरची हळद.

"साहेबांना सांगा आजी."

"नाई, नाई. त्यो मले पोलिसात देईन. पोट्टीवर केस झाली तं भरती गेली. तू बी सांगू नोको. तुले तुया लेकराची आन हाय."

मला एकच मुलगी. अकोल्याला दिली आहे. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. हे वाचणाऱ्याला कदाचित हसू येईल, पण आन घातल्यावर त्या व्हरांड्यात माझ्या डोळ्यांपुढे माझी मुलगी उभी राहिली, पोटावर हात ठेवून. मी भिंतीला टेकले. आत सिस्टर ट्रॉली सरकवत होती, तिच्या चाकांचा आवाज येत होता. प्रणिता आई गं, आई गं करत होती, आणि तिची आई तिकडे बाजारात हार गुंफत बसली होती.

मी आत गेले. डॉक्टर हात धूत होते. एरवी मी त्यांच्याशी "हो साहेब" याच्यापुढे बोलत नाही.

"साहेब, बिब्बा लावला आहे. सुई दिली त्याच जागेवर. काल रात्री."

त्यांनी नळ तसाच सोडून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"आजीनं सांगितलं."

ते पलंगापाशी गेले, दिवा खाली ओढला. हळद पुसून घेतली. फोड सगळे समोर आणि आतल्या अंगाला होते. बाहेरच्या बाजूला, वाटीच्या वर, बोटभर कातडी चांगली होती. त्या जागेवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं.

"इथून जाऊ," ते म्हणाले.

प्रणिताचा हात माझ्या हातात होता. सुई आत गेली. डॉक्टरांनी सिरिंजचा दांडा मागे ओढला. पू आला असता तर तो घट्ट, पांढरट दिसला असता. हळूहळू सुईत पाणी चढलं. पिवळं होतं, थोडंसं गढूळ.

"साहेब?" सिस्टर म्हणाली.

"अजून काही म्हणता येत नाही. लॅबला पाठव. सलाईनमधून औषध सुरू कर. थिएटर सोडू नको."

मग ते बाहेर गेले. आणि बाहेरच्या भरल्या खोलीत, वीस-पंचवीस माणसांदेखत आजीला म्हणाले, "आजी, पोरीचा पाय घालवला असता तुम्ही! खोटं कशाला बोलता? शिकवून शिकवून थकलो आम्ही या बिब्ब्यापायी!"

आजीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉलीच्या मागे उभी होते. त्यांनी असं चारचौघांत बोलायला नको होतं, असं मला वाटलं. ते मी त्यांना आजपर्यंत म्हणू शकले नाही.

लॅबचा पहिला निरोप संध्याकाळी आला. जंतू दिसले नाहीत, पण खात्रीसाठी अजून थांबायचं होतं. थांबणं म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा पाहिलं. डॉक्टर येता-जाता गुडघ्यावर हात ठेवायचे. सिस्टर ताप पाहायची. मी फडकी बदलायची आणि बदलताना ओल्या फडक्याचा वास घ्यायची. पूचा वास मला ओळखता येतो. आजी पलंगाच्या पायथ्याशी खाली बसलेली. मी आले की ती उठून बाहेर जायची.

रात्रभर तिथंच थांबून सकाळी घरी जाताना मी बसस्टॉपवरून अकोल्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, "काय झालं वं माय, इतक्या सकाळी?" मी म्हटलं, "काही नाही. जेवलीस का?" ती म्हणाली, "आत्ता कुठं चहा झाला." मी फोन ठेवला आणि तिथंच बाकावर बसले. माझी बस निघून गेली.

ताप उतरला. लॅबचा शेवटचा निरोप आला, आत जंतू नव्हते. ऑपरेशन टळलं. वरची कातडी मात्र भाजलेली, ती भरायला वेळ लागला. तेवढ्यात प्रणिताच्या ग्राउंडची तारीख येऊन गेली. त्या दिवशी ती आमच्याकडे ड्रेसिंगला आली होती. मोबाईलवर मैत्रिणींचे फोटो पाहत होती, छातीवर चेस्ट नंबर लावून हसणाऱ्या पोरींचे. मी बँडेज गुंडाळत होते. ती म्हणाली, "मावशी, ही माझ्यासोबत धावायची. माझ्या मागं राहायची नेहमी." मी पिन लावली.

पुढे तिचा गुडघा बरा झाला. काठी सुटली. जिना उतरताना आता ती कठडा धरत नाही. हे इंजेक्शननं झालं, आरामानं झालं की व्यायामानं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तसं त्यांनी तिला सांगितलं. धावायची परवानगी अजून नाही. ती पुढच्या भरतीचं पुस्तक घेऊन येते आणि नंबर येईपर्यंत वाचत बसते.

मागच्या आठवड्यात आजी तिच्यासोबत आली, आणि आपल्या धाकट्या जावेलाही घेऊन आली. जावेचा गुडघा दुखत होता. तपासण्या होऊन तिलाही तेच रक्ताचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी आजीसमोर चहा ठेवला. इतके दिवस तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. तिनं चहा बशीत ओतला.

"चहा पेईन मी तुया हातचा," ती म्हणाली. "पर आता तुले काई सांगणार नाई."

"मला नका सांगू आजी. साहेबांना सांगा."

"साहेबाले? चारचौघांत मायी इज्जत काहाडली त्यानं. त्याले तं मुयीच नाई."

प्रणिता हसली. "आजी, पुरे ना." पण आजी हसत नव्हती. आणि खरं म्हणजे तिचंही बरोबर होतं.

जावेचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, या वेळी बिब्ब्याचं नाव घेऊन सांगितलं. मी तिला पलंगावरून उतरवून बाहेर आणलं, आजीशेजारी बसवलं आणि पायाखाली स्टूल दिलं. ती लाजरी, माझ्यासारखीच, खाली मान घालून ऐकणारी. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"बाई, आज रात्री लय दुखेल. दुखलं तर इथं फोन करजा, किती का वाजले असेनात. घरी काही लावणार नाही ना?"

तिनं आधी आजीकडे पाहिलं. आजी बशीतला चहा फुंकत होती, तिनं मान वर केली नाही.

"नाई लावत," जाऊबाई म्हणाली.